अर्ध्यावर थांबणारा हात

बाईंचा उजवा हात आधी वर जायचा. समोर लेकरू दिसलं की तो आपोआप उठायचा, त्याच्या डोक्याच्या दिशेनं निघायचा, आणि निम्म्या वाटेत काहीतरी आठवल्यासारखा थांबायचा. मग हळूच वळून लेकराच्या खांद्यावर यायचा. नवीन माणसाला वाटायचं, बाईंचा खांदा धरला असावा. एका डॉक्टर आईनं तर त्यांना खांद्याचे व्यायाम लिहून दिले होते, आणि बाईंनी ते मुकाट्यानं आठवडाभर केलेही. खरं कारण न्यूझीलंडमधल्या आमच्या पोरिरुआत आम्हा दोघीतिघींनाच ठाऊक होतं. त्या कारणात माझाही वाटा आहे, म्हणून हे लिहायला बसले.

त्यांचं नाव सांगत नाही. तसंही ते कुणी वापरत नव्हतं. नगरजवळच्या एका मिशनच्या शाळेत त्यांनी जन्मभर खेळ शिकवला. निवृत्त झाल्यावर मुलाकडे न्यूझीलंडला आल्या, तेव्हा सगळं सामान मागे ठेवलं, पण काळ्या दोऱ्यातली शिट्टी आणि 'बाई' ही हाक बरोबर आणली. सामोअन मावश्या, माओरी आज्या, गुजराती काका, सगळे त्यांना बाईच म्हणायचे.

मुलाच्या चर्चनं त्यांना शनिवार सकाळचे खेळ सोपवले होते. तुम्ही परदेशात राहिला असाल तर अशी पत्रकं तुमच्याही पेटीत पडली असतील. वर चेंडूचं चित्र, 'सगळ्यांचं स्वागत, फुकट', आणि खाली अगदी बारीक अक्षरात चर्चचं नाव. मी ते बारीक अक्षर आधी वाचणाऱ्यांतली. पत्रक घडी घालून रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं. पण आम्ही नागपूरहून येऊन तीनच महिने झाले होते, माझी मुलगी मैत्री आठ वर्षांची होती, आणि शाळेत डबा एकटीच खाते असं तिनं एकदा सहज सांगितलं. पुढच्या शनिवारी मी रिसायकलिंगच्या डब्यातून पत्रक काढलं.

तेव्हा तिथे नेटबॉल चालायचा. मुली आत, आया बाहेर गाड्यांत. पोरिरुआचा वारा तुम्हाला माहीत नसेल. गाडीचं दार एका हातानं उघडलं तर हातातच राहील असा. आम्ही काचा लावून फोनमध्ये डोकं घालून बसायचो. दुसऱ्याच शनिवारी माझ्या काचेवर टकटक झाली. बाहेर सलवार-कमीज, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, आणि वाऱ्यानं उभे राहिलेले पांढरे केस.

"गाडीत बसून कुणाचं पोट कमी झालंय का?"

मराठीत! मी इतकी दचकले की काच खाली करायच्या ऐवजी वायपर चालू केले.

"उतर. बूट नसले तरी चालतील. चपला दाराबाहेर काढायच्या आणि अनवाणी पळायचं."

"बाई, मी शाळेनंतर पळालेले नाही."

"मग शाळेत ये."

अशा एकेक करून त्यांनी नऊ आया गाड्यांतून उपसून काढल्या. शिट्टी वाजली की इंजिनीअर, नर्स, अकाउंटंट सगळ्या रांगेत. दमून कुणी भिंतीला टेकलं की बाई शेजारी येऊन बसायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "बरं आहे ना?" पुण्याच्या एका गप्प बाईनं तिथेच पहिल्यांदा सांगितलं, की तिची नोकरी गेलीय आणि घरी अजून माहीत नाही. बाईंचं ठरलेलं वाक्य होतं, "धाप लागलेला माणूस खोटं बोलत नाही."

त्यांना आपलं काम कशासाठी आहे हे पक्कं माहीत होतं, आणि ते त्या लपवत नव्हत्या. "मला वाटतं का तुम्ही प्रभूकडे यावं? वाटतं की. खोटं कशाला बोलू? पण यायचं तर स्वतःच्या पायांनी या. मी ओढणार नाही. देवाला घाई नाही."

या 'देवाला घाई नाही'वर त्या सगळी गाडी रेटायच्या. चर्चच्या पद्धतीप्रमाणे खेळानंतर सॉसेज भाजले जायचे. अर्ध्या आया शाकाहारी, काहींचा शनिवार. बाईंनी पहिल्या महिन्यातच दुसरी शेगडी आणवली, तिच्या चिमट्याला हिरवी पट्टी बांधली, आणि त्यावर बटाट्याचे काप, मक्याची कणसं. हिरवा चिमटा चुकून सॉसेजला लागला तर स्वतः घासायच्या. एकदा पाळकसाहेब हसून म्हणाले की इतकं काटेकोर तर आमच्या वेदीचंही नसतं. बाईंना इंग्रजी समजलं ते एवढंच की कौतुक झालं, आणि त्यांनी त्यांना एक कणीस दिलं.

आता त्या हाताकडे येते.

खेळ संपताना बाई मुलांना गोल उभं करून बायबलच्या वचनातली एक ओळ वाचायच्या, आणि मग एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत प्रार्थना करायच्या. शाळेत जन्मभर तेच केलेलं. गावाकडे परकं पोर असलं तरी मोठी बाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवतेच. त्यात विचारायचं काय?

पहिली अडली ती नाना. तिकडे आजीला नाना म्हणतात. ही माओरी आजी त्या चर्चमध्ये लहानपणापासून येणारी, आणि तिची नात बाईंची सगळ्यात चपळ खेळाडू. बाईंचा हात नातीच्या डोक्यावर गेला, तशी नाना काठी टेकत उठली. आवाज न चढवता म्हणाली, "नॉट द हेड, डिअर. आस्क मी फर्स्ट." डोकं त्यांच्याकडे फार पवित्र. असं कुणीही येऊन हात लावत नाही. बाईंना मी समजावून सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. देवाच्या कामात देवाच्याच जागी पाय पडला म्हणून कासावीस झाल्या. पुढच्या शनिवारी नानासाठी डबाभर करंज्या घेऊन आल्या. तेव्हापासून माओरी मुलांच्या डोक्याला हात नाही.

आणि दुसरी अडले ती मी.

मला ते मानवलंच नव्हतं. आमच्या आजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. आमच्या घरात त्यांचं एक वाक्य वडलोपार्जित दागिन्यासारखं चालत आलंय. "आपल्याला कुणी शिवत नव्हतं. आता शिवायला येतील. कशासाठी, ते आधी विचारायचं." एका शनिवारी मी गाडीची किल्ली विसरले म्हणून परत हॉलमध्ये गेले. बघते तर माझी मैत्री मान खाली घालून उभी, तिच्या डोक्यावर बाईंचा हात, आणि बाईंच्या तोंडून येशूचं नाव. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंडावर भांडणारी नाही, घरी जाऊन मुद्देसूद लिहिणारी आहे. चर्चला ईमेल केला. चार परिच्छेद. 'लहान मुलांवर पालकांच्या संमतीशिवाय' वगैरे सगळे शब्द जागच्या जागी.

बुधवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. तशीच, काचेवर झाली होती तशी. हातात लसणाच्या चटणीची बाटली.

"आत ये म्हणतेस, की इथूनच बोलू?"

मी आत घेतलं. खरं तर मनाची तयारी भांडणाची होती. बाई सोफ्याच्या कडेवर बसल्या.

"तुझं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. इंग्रजी चांगलं लिहितेस."

"बाई, तुमचा अपमान करायचा नव्हता. पण आमच्या घरात…"

"ठाऊक आहे. गाडीतून उतरून आडनाव सांगितलंस तेव्हाच मी जय भीम म्हणाले की नाही? तूही मला ओळखलंच असशील."

ओळखलं होतं. मराठी माणसाला हे फोडून सांगावं लागत नाही.

मग बाईंनी सांगितलं. त्यांचे आजोबा गावाच्या वेशीबाहेर राहायचे. तरुणपणी तापानं फणफणले. गावचा वैद्य लांबूनच पुडी टाकून जायचा. एक गोरा पाद्री त्या वाटेनं चालला होता. तो घोड्यावरून उतरला, झोपडीत वाकून शिरला, आणि ताप बघायला त्यानं आजोबांच्या कपाळावर हात ठेवला.

"नुसता हात, गं. जन्मल्यापासून बाहेरच्या माणसानं अंगाला हात लावायची ती पहिली वेळ. आजोबा सांगायचे, औषधानं उतरला की हातानं, कुणास ठाऊक, पण ताप उतरला. आमच्या घरात पुस्तक नंतर आलं. आधी हात आला."

मग मी आमच्या आजोबांचं वाक्य त्यांना सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं.

"बरोबर बोलले तुझे आजोबा. तू विचारलंस ते चांगलं केलंस. मीच आधी विचारायला हवं होतं." त्या उठल्या. "यापुढे आईला विचारल्याशिवाय कुणाच्याच डोक्याला हात लावणार नाही. माझा शब्द."

दाराशी पोचून पुन्हा वळल्या. "मनातल्या मनात प्रार्थना केली तर चालेल का? नाही म्हणालीस तर तेही बंद करीन. पण ते जड जाईल हं."

"चालेल, बाई," मी म्हणाले. मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

तेवढ्यात मैत्री खोलीतून बाहेर आली. बाईंचा हात वर गेला, थांबला, आणि तिच्या खांद्यावर आला. मी तो थांबताना पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच घराच्या दारात.

पण ईमेल एकदा गेला की तो आपला राहत नाही. चर्चच्या वडील मंडळींनी बैठक बोलावली. बाईंचं इंग्रजी खेळाच्या शिक्षिकेचं. 'लाइन', 'रन', 'नो चीटिंग', एवढ्यात त्यांचं जग बसायचं. बैठकीला दुभाषी हवा म्हणून त्यांनी कुणाला न्यावं? तक्रार करणारीलाच.

"बाई, मी कशी येऊ? माझ्याच पत्रावर बैठक आहे."

"म्हणूनच. तुझ्याइतकं ते कुणाला समजलंय?"

गेले. मंडळी वाईट नव्हती, पण त्यांचा प्रश्न सरळ होता. या तक्रारीनंतर गोलात प्रार्थना नाही, वचन नाही, मग हे चर्चचं काम कसलं? नुसतं पळायला जिम आहेच की. हॉल दुसऱ्या कामाला देता येईल. इतक्या दिवसांत शनिवारचे किती जण रविवारी आले?

बाई म्हणाल्या, "सांग त्यांना, देवाला घाई नाही. हॉलला असली तर सांगा."

मी सांगितलं. जरा मऊ करून.

बाई पुढे म्हणाल्या, प्रार्थना बंद करायची नाही. खेळानंतर मागच्या खोलीत दिवा लावून बसते, ज्याला यायचं तो येईल. बाकीच्यांनी बाहेर कणसं खावीत आणि त्यांच्याकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहू नये. "आणि मला हात लागतो. हाताशिवाय मला प्रार्थना येत नाही, काय करू? डोकं नको, तर पाठ चालेल का, विचार."

मी बैठकीला आलेल्या नानाकडे पाहिलं. नाना म्हणाली, पाठ चालेल. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, चालेल.

"मग नेटबॉल राहू द्या. खो-खो खेळू," बाई म्हणाल्या.

वडील मंडळींना खो-खो म्हणजे काय ते सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. पण अखेर नाना काठी आपटून उठली. म्हणाली, "मी या चर्चमध्ये जन्मभर येतेय. एकदा सांगितल्यावर दुसऱ्यांदा विचारायला येणारं माणूस इथे मी पहिल्यांदा बघतेय." पाळकसाहेबांनी वर्षभराची मुदत दिली. ती पुढे कुणी मोजली नाही.

तो खो-खो तुम्ही पाहायला हवा होता. नेटबॉलचे दोन खांब तेच आमचे खांब. लाकडी फरशीवर चिकटपट्टीच्या पाट्या. सामोअन मावश्यांचे गुडघे उकिडवं बसू देईनात, म्हणून बाईंनी अर्धी फळी खुर्च्यांवर बसवली. एक तोंड इकडे, एक तिकडे. जन्मभर ज्या नियमांसाठी त्या पंचांशी भांडल्या असतील ते त्यांनी एका सकाळी मोडले. त्यातल्या एका मावशीचा 'खो' असा यायचा की समोरची बाई खुर्चीसकट पुढे सरकायची. खेळण्याआधी सामोअन मंडळी त्यांच्या रीतीनं देवाचं नाव घ्यायची, नाना माओरीत दोन ओळी म्हणायची, पुण्याची बाई फरशीला हात लावून कपाळाला लावायची, आणि मी नुसती उभी राहायचे. मग शिट्टी.

बाई स्वतःही धावायच्या. त्यांचा हात पाठीवर पडायचा तो थाप म्हणूनही आणि आणखी कशासाठी म्हणूनही. 'खो' म्हणायच्या आधी त्या कणभर थांबायच्या. तेवढ्यात गडी निसटायचा. कुणी ओरडलं की म्हणायच्या, "निसटू दे. देवाला घाई नाही." त्या कणभरात काय चालायचं ते मला ठाऊक होतं. मी परवानगी दिली होती ना.

सहा वर्षं गेली. नाताळला मी त्यांच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले. बुद्धपौर्णिमेला त्या आमच्याकडे आल्या, आल्या आल्या विचारलं, "इथं काय करायचं नसतं ते आधी सांग." वंदना होईपर्यंत पाय दुमडून बसल्या आणि खीर दोनदा घेतली. रविवारी आमच्यातलं कुणी गेलं का? एक कुटुंब गेलं. बाकीचे शनिवारचेच राहिलो. बाईंनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्यांचा हात मात्र दर शनिवारी वर जायचा आणि दर शनिवारी थांबायचा. मला ते बघवत नव्हतं, आणि 'ठेवा हो' असं म्हणवतही नव्हतं. आजोबांचं वाक्य आड यायचं. विचारायचं होतं ते विचारून झालं होतं, उत्तरही मिळालं होतं. आता अडलं होतं ते फक्त माझं तोंड.

मग मुलाला दूर दक्षिण बेटावर, रिकार्टनकडे नोकरी मिळाली आणि बाईंनी ठरवलं, परत नगरला. "आणखी एका वाऱ्याची सवय कोण करणार? तिकडं माझी माणसं पुरलेली आहेत."

निरोपाच्या शनिवारी नानानं नातीला हाताला धरून पुढे आणलं. नात आता बाईंपेक्षा उंच. नानानं बाईंचा हात स्वतःच्या हातात घेतला, उचलला, आणि नातीच्या डोक्यावर ठेवला. बाई इतक्या रडल्या की शिट्टी ओली झाली. आता माझी पाळी, हे मला कळलं होतं. मी उठले. आणि चहाचे कप गोळा करायला लागले.

वेलिंग्टनच्या विमानतळावर आम्हीच त्यांना सोडायला गेलो. मुलगा सामानाच्या रांगेत. वाटभर मनात घोकत होते, की आज म्हणायचंच. मैत्रीला त्यांच्याजवळ उभं करून मी पार्किंगचं बघायला गेले, परत आले तर निघायची वेळ झाली होती. बाईंचा हात वर आला. माझ्या डोक्याच्या दिशेनं निघाला, थांबला, आणि माझ्या खांद्यावर आला. शब्द पाळणारी बाई होती.

"बरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे, बाई," मी म्हणाले. मला धाप लागली नव्हती.

आठ महिन्यांनी मुलाचा फोन आला. सकाळी अंगण झाडताना बसल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या माणसांशेजारीच पुरलं.

त्या शनिवारी आम्ही खेळलो. जाताना बाईंनी दिलेली शिट्टी आता नानाकडे असते, तिनंच वाजवली. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. चौदा वर्षांची मैत्री दाराला टेकून बघत राहिली. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आमच्या घरचं असं चालतं.

"मी त्यांना एकदा हो म्हणायला हवं होतं गं," मी म्हणाले. "एक शब्द फक्त."

"शी आस्क्ड मी, मम."

"काय?"

"ॲट द एअरपोर्ट. व्हेन यू वेअर डूइंग द पार्किंग." बाईंनी तिला विचारलं होतं, डोक्यावर हात ठेवू का? आणि लगेच पुढे, आईला चालेल का?

"मग?"

"आय सेड, मम वुड से येस."

मी डोळे पुसले. "काय प्रार्थना केली त्यांनी?"

"नथिंग. शी जस्ट लेफ्ट इट देअर. फॉर एजेस."

"कुठे?"

तिनं भांगाच्या जरा मागे बोट ठेवून दाखवलं. माझा हात वर गेला, आणि निम्म्या वाटेत थांबला.

"ठेवू का?" मी विचारलं.

मैत्रीनं मान खाली केली.